गुंगीतले पाहुणे

माझं पोट दुखायला लागलं आणि त्यावर बोलायचा अधिकार घरातल्या प्रत्येकाला मिळाला, एक मी सोडून. सासूबाई म्हणाल्या, वात आहे. मामंजी म्हणाले, शिळंपाकं खाल्लं असेल. शेजारच्या विणकरांच्या घरातली म्हातारी तेलुगूत काहीतरी पुटपुटत आली आणि माझ्यावरून मीठमिरची उतरवून गेली. आमचे हे म्हणाले, "वडील म्हणतात तसंच असेल." हे गिरणीच्या हपिसात कारकून होते आणि घरातही कारकूनच होते. वरून आलेलं खाली पोचवायचं, मध्ये पदरचं काही घालायचं नाही.

पहिल्यांदा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुखणं बाईचं, त्यात सुनेचं. पण पुढे पुढे माझं महिन्याचं बाजूला बसणं लांबायला लागलं. आज उठेन, उद्या उठेन म्हणता म्हणता पुढचा महिना यायचा. मी बाजूला बसले की चूल सासूबाईंच्या गळ्यात पडायची, आणि त्यांच्या हाताला जसजसे चटके बसत गेले तसतसं माझं दुखणं घरात गंभीर होत गेलं. एके दिवशी आडावर पाणी शेंदताना मला भोवळ आली आणि मी काठाशीच कोसळले. रहाटाचा दोर हातातून सुटला आणि नवी कोरी घागर आडात गेली. तेव्हा मात्र मामंजींनी डॉक्टरांना बोलावणं धाडलं. घागरीसाठी की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

डॉक्टर आमच्यातलेच, मुंबईला शिकून आलेले, सुटाबुटातले. त्यांच्या हाताला गुण होता हे मी नाकारत नाही. ते माजघरात खुर्चीवर बसले आणि मी कोठीच्या दाराआड. हात तेवढा बाहेर काढायचा, नाडी बघायला. बाकीची चौकशी अशी चालली की डॉक्टर सासूबाईंना विचारायचे, सासूबाई दाराकडे तोंड करून मला विचारायच्या, मी त्यांना सांगायचे, आणि त्या त्यातलं लाजेचं लाजेचं गाळून उरलेलं डॉक्टरांना सांगायच्या. मी म्हटलं रक्त फार जातं, ओटीपोटात कळा येतात, आत काहीतरी टणक लागतं. एवढं सगळं सासूबाईंच्या चाळणीतून गेल्यावर डॉक्टरांपर्यंत पोचलं ते इतकंच: "अन्नावर वासना नाही म्हणते."

डॉक्टर काही खुळे नव्हते. ते म्हणाले, "आतून तपासावं लागेल."

मग मामंजींनी घसा साफ केला आणि आमच्या घराण्यात हे आजवर झालेलं नाही, हे सांगितलं. गावात मिशनच्या दवाखान्यात बाई-डॉक्टर होती. तिच्याकडे पाठवा, असं डॉक्टरांनीच सुचवलं. पण ती पडली किरिस्ताव. तिचा हात लागला तर सून बाटणार, तिथलं पाणी पोटात गेलं तर घर बाटणार. म्हणजे बाईने तपासावं तर धर्म आडवा, पुरुषाने तपासावं तर अब्रू आडवी. उरलं काय, तर न तपासता मरणं. ते मात्र घराण्यात पूर्वी झालेलं होतं, त्याला कुणाची हरकत नसावी.

शेवटी डॉक्टरांनीच तोड काढली. ते म्हणाले, "नाहीतरी शुद्धीत असल्या की या बायका अंग आवळून घेतात, काही समजत नाही. क्लोरोफॉर्म देऊन तपासू."

"म्हणजे तिला काही कळणार नाही?" मामंजींनी विचारलं.

"काहीसुद्धा नाही."

"मग काही हरकत नाही," मामंजी म्हणाले, आणि त्यांनी सोडलेला सुटकेचा श्वास मला दाराआडही ऐकू आला.

आता यात मामंजींची चूक नव्हती असं नाही, पण ती त्यांची एकट्याची नव्हती. आमच्याकडे लाज म्हणजे ज्या बाईचं शरीर असेल तिला कळलं तरच जाणारी गोष्ट, असा सगळ्यांचाच समज होता. तिला कळलं तर अब्रू गेली. तिला कळलं नाही तर जिथल्या तिथे आहे. म्हणून नुसत्या तपासणीसाठी मला बेशुद्ध करायचं ठरलं. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतं हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. पण जिवाचं काय, तो कुणाला दिसतो.

डॉक्टरांनी रीत म्हणून यजमानांची संमती विचारली. यजमान म्हणाले, वडील म्हणतात तसं. वडिलांनी दिली. सासूबाईंना कुणी विचारलं नव्हतं तरी त्यांनीही दिली. मी दाराआडून हात आत घेतला.

त्याच सुमाराला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आली. माझे चुलतदीर मुंबईला डॉक्टरी शिकत होते, ते सुटीला आले ते बरोबर दोन मित्रांना घेऊन. मुंबईच्या मुलांना नंदीध्वजांची मिरवणूक दाखवायची होती. भाऊजींचे आई-वडील लहानपणीच गेले, ते आमच्याच घरात वाढले. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत जायचे, आणि मी उखळात शेंगा कुटायला बसले की मूठ मूठ पळवायचे. मला पाठचा भाऊ नव्हता. भाऊबीजेला मी त्यांनाच ओवाळत असे. ते मुंबईला निघाले तेव्हा घरात खरं रडणारी मी एकटीच होते.

ती तिघं पोरं घरात आली आणि मला जरा बरंच वाटलं. दुखत असे, पण हसणं-खिदळणं असे. मित्र जेवताना एकसारखे चटणी मागायचे. "वहिनी, असली चटणी मुंबईला मिळत नाही," म्हणायचे आणि कडक भाकरी कडाकडा मोडायचे. परमुलुखातली पोरं म्हणून मी त्यांना दह्याची साय काढून वाढायची.

तपासणीच्या दिवशी मला टांग्यात घालून डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. उंच टेबल, वर काचेचा दिवा, औषधांचा उग्र वास. डॉक्टर माझ्याशी पहिल्यांदाच थेट बोलले: "बाई, भिऊ नका." कंपाउंडरने तोंडावर जाळी ठेवली, वर फडकं, आणि त्यावर थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. गोडसर, किळसवाणा वास. मी मनात देवाचं नाव घेतलं. त्याच्या पुढचं मला काही ठाऊक नाही. ठाऊक नसावं म्हणूनच सगळं केलेलं होतं.

शुद्धीवर आले ती ओकतच आले. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, झालं हो झालं. डॉक्टरांनी बाहेर मामंजींना सांगितलं: गर्भाशयाला गाठ आहे, लिंबाएवढी नाही, चांगली नारळाएवढी आहे, ऑपरेशन करावं लागेल आणि लवकर करावं लागेल. लांबवलं तर बाई हाती लागायची नाही. हे मला घरी आल्यावर ह्यांनी सांगितलं, खालच्या मानेने, वरून आलेलं खाली पोचवावं तसं.

दुसऱ्या दिवशी मी कशीबशी उठून पुरुषांच्या पंक्तीला वाढायला गेले. सासूबाईंनी नको म्हटलं नाही. पंगतीत आवाज नाही. एरवी "वहिनी चटणी, वहिनी चटणी" करणारी ती दोन पोरं ताटात मान घालून बसलेली. मी चटणी पुढे केली तर एकाने आडवा हात धरला. दुसऱ्याचे कान लाल झालेले. भाऊजी भाताचं आळं करत होते आणि मोडत होते. मला वाटलं, माझी गाठ ऐकून पोरं हळहळली असतील. बिचारी, म्हटलं मी मनात. माझ्या भोळेपणाची कमाल होती.

जेवणं आटोपल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "मला ऑपरेशनची भीती वाटते."

सासूबाई अक्कलकोटकडच्या, कुणाला धीर द्यायचा असला की त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा. त्या म्हणाल्या, "भितेस कशाला? परकं कुणी नसतं तिथे. काल नाही का, आपला मुलगाच होता आत."

"कोण मुलगा?"

"अगं, तुझा दीर. मामंजींनी मुद्दाम डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. परक्या पुरुषांत बाईमाणूस एकटी बेशुद्ध पडलेली, बरं दिसतं का ते? घरचं माणूस हवं जवळ. मला तर रक्त बघवत नाही. तो शिकलेला, त्याला हुशारीही आहे. डॉक्टरही चांगले, त्यालाही तपासून बघू दिलं त्यांनी. म्हणाले, शिकायला मिळेल."

हे त्यांनी मला चोरून नाही सांगितलं, लाजत नाही सांगितलं. धीर द्यायला सांगितलं. माझी अब्रू राखायला घरातल्या सगळ्यांनी डोकं लावून जो पहारेकरी नेमला होता, तो हा. ज्याला मी ओवाळत होते, तो.

मी उठले आणि मोरीत जाऊन चूळ भरली, पुन्हा पुन्हा भरली. तोंडात अजून त्या औषधाचा वास होता की दुसरं काही, सांगता येत नाही.

पण तेवढ्याने भागलं नाही. औषधाची बाटली भरून आणायला मी सासूबाईंबरोबर पुन्हा दवाखान्यात गेले. सासूबाई डॉक्टरांशी बोलत होत्या तोवर मी बाकावर बसले. तिथे एक आया होती, कुंभारी गावची, तोंडाची फटकळ आणि मनाची चांगली. ती माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली.

"तुमी लई नशिबाच्या बगा, बाई," ती म्हणाली. "आमच्या गावाकडं बाईला एक डागदर बगायला मिळत न्हाय. तुमास्नी चार चार डागदरांनी बगितलं."

मी म्हटलं, "चार कोण?"

"मोटं डागदर, तुमच्या घरचं धाकटं, आन त्येंचं दोगं सोबती. पाळीपाळीनं तपासलं की समद्यांनी. मीच पानी घातलं हातावर."

तिला वाटलं असेल, बाई खूष होईल. तिच्यावर राग काढून काय करणार, तिने बापडीने पाणीच तर घातलं होतं. पण घरी येताना टांग्यात माझ्या डोळ्यांपुढून ते हात हलेनात. त्याच हातांनी त्या पोरांनी माझ्या भाकऱ्या मोडल्या होत्या. त्याच हातांवर मी साय वाढली होती. आणि चटणी नको म्हणून जो हात आडवा धरला होता, तो हळहळून नव्हता, हेही मला आता कळलं.

ऑपरेशनचा दिवस ठरला होता. तो कसा ठरला तेही सांगते. डॉक्टर मामंजींना म्हणाले, मुलं मुंबईला परतायच्या आत उरकू, म्हणजे त्यांनाही बघायला मिळेल, अशी केस नेहमी येत नाही. माझा जीव वाचवायचा मुहूर्त पोरांच्या सुटीवरून निघाला. मामंजींनी वर पंचांगही बघितलं, तर दिवस चांगला होता. दोन्हीकडून पक्कं झालं.

मी सांगितलं, मी जाणार नाही.

मला मरायचं नव्हतं. जगायचंच होतं, वय काय होतं माझं, आणि दुखणं असं की रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन पडावं लागे. ती गाठ मला काढून हवी होती. माझं म्हणणं एवढंच होतं की मी बेशुद्ध असताना माझ्याजवळ कोण असेल, मला कोण हात लावील, हे मला आधी विचारावं. आणि ज्याला मी नको म्हणेन त्याने बाहेर जावं. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला आजही कळलेलं नाही. पण आमच्या घरात ते कुणाच्या डोक्यात शिरेना.

आधी सगळ्यांनी मला समजावलं की क्लोरोफॉर्मने कुणी मरत नाही. मी म्हटलं, मला मरणाची भीती नाही. मग सिद्धेश्वराला नवस बोलला गेला. मी म्हटलं, नवस कशाला, मला विचारा. मग सासूबाईंनी ठरवलं की बाहेरची बाधा आहे, आणि त्या कानडीत काहीतरी पुटपुटत माझ्या उशाशी लिंबू ठेवून गेल्या.

संध्याकाळी हे हपिसातून आले तेव्हा मी त्यांना परसात गाठलं. त्यांना ते तिघं आत होते हे ठाऊक होतं का, विचारलं. ठाऊक होतं. पायातल्या वहाणेच्या अंगठ्याकडे बघत ते म्हणाले, "पण तू बेशुद्ध होतीस. तुला काय कळलं?"

"कळलं नाही, म्हणून तर आधी विचारायचं," मी म्हटलं. "कळत असतं तर मी आपली आपण नाही म्हटलं असतं. तुमची गरज पडली नसती."

"वडिलांना कोण सांगणार?"

"तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना गिरणीच्या साहेबाच्या कानाखाली वाजवायला सांगतेय. मग ते पाय धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

भाऊजींना मी सरळ स्वयंपाकघरात बोलावलं. ते उंबऱ्यावर उभे राहिले. पूर्वी चुलीपर्यंत यायचे.

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही मला विचारलं का नाही?"

ते म्हणाले, "वहिनी, तुमचा गैरसमज झालाय. डॉक्टरला बाई नसते, पुरुष नसतो. समोर असते ती फक्त केस. आम्हाला शिकवलंच आहे तसं. मला तुम्ही तिथे वहिनी दिसलाच नाहीत."

"बरं," मी म्हटलं. "मग आता दिसते ना? आता माझ्या तोंडाकडे बघून हेच पुन्हा बोला."

त्यांनी प्रयत्न केला हे सांगायला हवं. मान वर आली, माझ्या हनुवटीपर्यंत आली आणि तिथेच अडली. जिथे बघायला मुंबईला शिकवतात तिथे त्यांनी न लाजता बघितलं होतं. तोंड बघायला तिथे शिकवत नसावेत. मला त्यांची कीवही आली आणि चिमटा घ्यावासाही वाटला. कीव कमी आणि चिमटा जास्त.

"मी वाईट मनाने नाही केलं," ते म्हणाले.

"ते मला ठाऊक आहे. पण चांगल्या मनाने तुम्ही दोन माणसं आणखी बोलावलीत."

ते उंबऱ्यावरूनच वळले. निघून गेले.

मग शेवटी मामंजीच बोलायला बसले, सगळ्यांना जमवून. जेवणं व्हायची होती, पानं मांडलेली होती. मी आपली दाराशी, पदर सावरून. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. बोलायचंच तर सासूबाईंना सांगायचं आणि त्यांनी सांगितलं असं धरायचं, जरी मामंजी हातभर अंतरावर बसलेले असले तरी. मामंजी छताकडे बघून म्हणाले, "सुनेला म्हणावं, हा हट्ट बरा नाही. आम्ही तिच्याच भल्यासाठी आपला मुलगा आत ठेवला. परक्यांत बेशुद्ध पडायचं तर घरचं माणूस जवळ असावं, यात वावगं काय?"

आता एक गोष्ट सांगते, जी आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीच बोलत नसे. मामंजींना अंतर्गळ होता, जांघेत आतडं उतरलेलं. धोतर दोन वेळा सावरल्याशिवाय त्यांना उठता येत नसे. त्याच डॉक्टरांनी त्यांनाही ऑपरेशन सांगितलं होतं आणि येत्या उन्हाळ्यात ते करायचं म्हणत होते.

मी सासूबाईंकडे बघून अगदी अदबीने म्हटलं, "सासूबाई, मामंजींना सांगा की त्यांचं म्हणणं मला पटलं. यात वावगं काही नाही. उन्हाळ्यात त्यांना गुंगी देतील तेव्हा मी आत उभी राहीन. घरचं माणूस जवळ हवं. डॉक्टरांनी म्हटलं तर तपासूनही बघेन. मामंजींना काही कळायचं नाही."

त्या दोन मित्रांपैकी एकाला ठसका लागला आणि तो पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेला तो परत आला नाही. ह्यांचा चेहरा पांढराफटक. सासूबाईंनी मात्र, मला आजही शपथेवर सांगता येईल, तोंडावर पदर धरला होता तो रडण्यासाठी नव्हता. त्यांचे खांदे हलत होते.

मामंजी उठले. धोतर सावरलं, पुन्हा सावरलं. रागाने मला घराबाहेर काढतात की काय असं वाटलं. जायला माहेर उरलं नव्हतं. ते दाराशी थांबले आणि माझ्याकडे पाठ करून सासूबाईंना म्हणाले, "हिला काय विचारायचं ते डॉक्टरांनी विचारावं. मी यात नाही." आणि न जेवता ओसरीवर जाऊन बसले.

लोक याला माझा विजय म्हणतील. मला तसं काही वाटलं नाही. ज्या गोष्टीला त्यांनी एवढे दिवस माझं भलं म्हटलं, ती स्वतःच्या धोतरापर्यंत आल्याबरोबर त्यांना समजली. माझ्या बाबतीत समजलीच नव्हती, ती शेवटपर्यंत नाही समजली.

ऑपरेशनच्या दिवशी मी स्वतःच्या पायांनी त्या खोलीत गेले. टेबलाशी डॉक्टर, कंपाउंडर, ती कुंभारीची आया. आणि भिंतीला पाठ लावून पांढऱ्या झग्यांतली तिघं पोरं. होतीच. डॉक्टरांना निरोप पोचला होता, की सुनेला विचारायचं आहे. त्यांनी तो एखाद्या पोराची समजूत काढावी तसा घेतला होता. हात धुता धुता हसून म्हणाले, "हं बाई, तुम्हाला विचारायचं ठरलंय म्हणे. तर विचारतो. तुमची संमती आहे ना?" आणि उत्तराची वाट न बघता कंपाउंडरला खूण केली.

मी म्हटलं, "ऑपरेशनला आहे. या तिघांना नाही."

डॉक्टरांचे ओले हात तसेच वर राहिले. विचारलं तर 'नाही' असंही उत्तर येऊ शकतं, हे त्यांच्या एवढ्या शिक्षणात कुठे आलं नसावं.

"बाई, ते नुसते बघतील."

"नको."

"बरं, दोघं जाऊ देत. घरचा एक राहू दे."

"तो तर नकोच."

भाऊजी भिंतीपासून सुटले. माझ्याजवळून जाताना त्यांनी या खेपेला माझ्या तोंडाकडे बघितलं, क्षणभर, आणि मला ते पुन्हा शेंगा पळवणारे भाऊजी दिसले, आणि त्यामुळेच जास्त वाईट वाटलं. मित्र त्यांच्या मागून गेले. मी आयाला म्हटलं, "कडी लाव आतून." तिने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी मान हलवली, वैतागून का होईना. तिने कडी लावली. मी ती लागल्याचा आवाज ऐकला आणि मग डोकं मागे टेकलं. बाहेरच्या बाकावर हे बसलेले होते. त्यांना मी आधीच बजावलं होतं, कुणालाही आत जाऊ द्यायचं नाही. जन्मात पहिल्यांदाच मी त्यांना काही काम सांगितलं होतं.

तोंडावर जाळी आली. मी स्वतःहून दीर्घ श्वास घेतला.

शुद्ध आली तेव्हा दुपार कलली होती. जीभ कोरडी पडली होती, पोटावर पट्ट्या आवळलेल्या, आणि आत आग आग. पण ती टणक कळ नव्हती. गाठ गेली हे मला कुणी सांगायच्या आधीच कळलं. खाटेशी हे बसले होते. मी डोळे उघडले बघून ते लगबगीने वाकले. मला पाणी हवं का, कुठे दुखतं का, यातलं काहीही न विचारता ते पहिलं बोलले ते हे:

"कुणी आत आलं नव्हतं हं."

मी अजून काही विचारलंच नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते खिडकीतून बाहेर बघायला लागले.

पुढे आमचा सगळा संसार झाला. ते म्हातारे झाले, मी म्हातारी झाले. मला विचारा म्हणून घर डोक्यावर घेणारी मी, पण त्या दुपारचं त्यांना मी कधीच विचारलं नाही. खरं उत्तर आलं असतं तर त्या घरात मला राहता आलं नसतं, आणि दुसरं घर मला नव्हतं.